मागच्या बंपरची जाडी कडेला मोजू नका, मी त्यातच फसलो

पिकअपला मागचं आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीचं नसलेलं बाहेरचं, बंपर बसवायचा विचार चालू असेल तर हे वाचा आणि मग पैसे द्या. माझ्या गाडीला पाच एमएमचं म्हणून विकलेलं बंपर तीन एमएमचं निघालं, आणि ते कळू नये म्हणून त्याच्यावर जी कारागिरी केलीये ती बघून दुसऱ्या गॅरेजमधला वेल्डरसुद्धा हसायला लागला. पैशाचा राग आहेच, पण या बंपरला ट्रेलर लागणार होता आणि गाडी कुठे चिखलात रुतली तर यालाच पट्टा लावून ओढायचं होतं, त्यामुळे हे नुसतं पैशाचं प्रकरण नाहीये.

तर दुकानात काय होतं बघा. आधी तुम्हाला एक कापलेला तुकडा हातात देतात, चकचकीत, लेझरने कापलेला, जड. जाडी मोजायचा व्हर्नियर त्यांचाच, तो लावून स्वतःच दाखवतात, बरोबर पाच. मग डिस्प्लेला टांगलेलं बंपर दाखवतात, ते हलवून बघा म्हणतात, तेही खरंच दणकट असतं. म्हणजे जे दाखवतात त्यात खोट काहीच नसते! तुमच्या गाडीला जे लागतं ते वेगळं असतं, एवढंच. आणि माल आल्यावर मी काय आंधळेपणाने घेतला नाही, कडेला परत व्हर्नियर लावला, चारी बाजूंनी पाचच्या वर भरलं. रंग धरून बरोबर वाटलं.

गोम कडेतच होती. मधला सगळा पत्रा तीन एमएमचा आणि कडेला आतल्या अंगाने एक पट्टी वेल्ड करून ग्राइंडर मारलेला, जोडावर पुट्टी, आणि वरून तो दाणेदार काळा रंग. हा दाणेदार रंग दिसायला भारी दिसतो पण त्याच्याखाली काय काय लपतं ते आता कळलं. वेल्ड दिसत नाही, पुट्टी दिसत नाही, ग्राइंडरचे ओरखडे दिसत नाहीत. पावडर कोटिंग सांगितलं होतं, ते पण नव्हतं. पावडर कोटिंग साधारण १८० ते २०० डिग्रीला भट्टीत भाजतात आणि त्याआधी पत्रा नीट साफ करावा लागतो, इथे थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घासलं तर काळा रंग फडक्यावर आला. भाजलेली पावडर अशी उतरत नाही, हा साध्या स्प्रेचा रंग. आतल्या बाजूला कुठेतरी न दिसणाऱ्या जागी फडकं घासून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे उघडकीस कसं आलं तर रिव्हर्सच्या सेन्सरमुळे. बंपर लागल्यापासून रिव्हर्स टाकला की मागे काही नसताना सतत पीं पीं. दुकानवाला म्हणे सेन्सर खराब झाला असेल, नवीन टाका, आमच्याकडेच मिळेल. मी दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्याने सांगितलं की सेन्सर चांगला आहे, तो भोकात खोल बसलाय आणि तिरका पण आहे, त्यामुळे त्याचा आवाज भोकाच्या कडेवरच आपटून परत येतोय. त्याने होल्डर बाहेर काढला आणि मला म्हणाला, हे बघा दादा, तुम्ही तर पाच एमएम म्हणत होता. भोकाच्या कडेला पत्र्याची जाडी उघडी दिसते ना, तिथे व्हर्नियर लावला, रंगासकट तीनला जरासं वर. चारी सेन्सरच्या भोकांत तेच. म्हणून सांगतो, जाडी मोजायची तर सेन्सरच्या भोकात नाहीतर नंबर प्लेटच्या दिव्याच्या कापात मोजा, कारण तिथे पट्टी लावता येत नाही. भोक नसलेलं बंपर असेल तर जाडी मोजायचं मशीन येतं अल्ट्रासॉनिकवालं, एका बाजूने लावून कळतं, बऱ्याच इन्स्पेक्शनवाल्यांकडे असतं.

मशीन नसेल तरी वजनकाटा सगळीकडे असतो. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा एक एमएम जाडीचा असेल तर ७.८५ किलो भरतो, हा आकडा पाठ करून ठेवा. म्हणजे तीन एमएमला साडेतेवीस किलो आणि पाचला ३९ च्या वर. बंपरचा पुढचा भाग, बाजूचे कान, वरची पायरी, सगळ्याचं माप टेपने घेऊन ढोबळ चौरस मीटर काढा, गुणा, ब्रॅकेटचं वेगळं धरा. अगदी किलोला किलो जुळणार नाही पण तीन आणि पाचमधला फरक एवढा मोठा आहे की लपणारच नाही. माझं बंपर फिटिंगच्या दिवशी एकट्या पोराने खांद्यावर टाकून आणलं होतं, तेव्हा मला वाटलं पोरगा तगडा आहे.

आता खरी भीतीची गोष्ट, ट्रेलरची. मधोमध दोन इंची चौकोनी रिसीव्हर दिसतो, म्हणजे ट्रेलर जोडायचा बॉल ज्यात बसवतात तो पाइप, त्यावर स्टिकर ३५०० किलो. बाहेरून बघितलं तर झकास. गाडीखाली झोपून टॉर्च मारला तर तो पाइप नुसता तीन एमएमच्या पत्र्याला चारी बाजूंनी टाके मारून चिकटवलेला, मागे काही नाही! हा पाइप मागे एका जाड आडव्या दांड्याला जोडलेला असायला पाहिजे आणि तो दांडा दोन्हीकडच्या ब्रॅकेटमधून सरळ चासीला गेला पाहिजे, म्हणजे ओढण्याचा जोर चासीवर जातो, बंपरचा पत्रा नुसता झाकण म्हणून राहतो. माझ्याकडे झाकणच सगळा भार घेणार होतं.

आणि ते स्टिकर. ३५०० किलो कुणीही छापू शकतो. युनोच्या रेग्युलेशन ५५ प्रमाणे पास झालेल्या कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या भागावर, प्लेट असते, तिच्यावर गोलात ई आणि देशाचा नंबर, अप्रूव्हल नंबर, डी व्हॅल्यू (गाडी आणि ट्रेलरमधल्या ओढाताणीचा किती जोर झेपेल ते) किलोन्यूटनमध्ये आणि बॉलवर वरून किती वजन चालेल ते एस म्हणून किलोमध्ये लिहिलेलं असतं. डी व्हॅल्यूत नुसता ट्रेलर येत नाही, ओढणारी गाडी पण धरतात. दोघांचं वजन टनात घ्या, गुणाकाराला बेरजेने भागा आणि ९.८१ ने गुणा. तीन टनाची गाडी आणि तीन टनाचा ट्रेलर असेल तर १४.७ किलोन्यूटन येतात. हे रेग्युलेशन सगळीकडे लागू नाही, काही ठिकाणी दुसरं स्टँडर्ड चालतं, पण कुठलंही असलं तरी स्टँडर्डचं नाव आणि कुणी टेस्ट केलं ते विचारा. मी विचारलं तर उत्तर आलं, आपला माल आहे, हत्ती बांधा. आणि समजा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची ही सगळी जोडणी, खरंच ३५०० चा असला तरी गाडीच्या कंपनीने कमी सांगितलं असेल तर तेवढंच धरायचं, बॉलचा आकडा कमी असेल तर तो. साखळीत जो सगळ्यात कमी तोच खरा.

दोन्ही बाजूंना शॅकल, म्हणजे ओढायचा पट्टा अडकवायची लोखंडी कडी, लावायचे कान होते ते पण तसेच, वरवर ठेवून वेल्ड केलेले. चांगल्या बंपरमध्ये तो जाड कान पत्र्यातून आरपार जाऊन दोन्ही बाजूंनी वेल्ड होतो आणि मागे ब्रॅकेटला भिडतो. रुतलेली गाडी झटका देऊन ओढताना असा कान निघाला तर ताणलेल्या पट्ट्यासकट बंदुकीच्या गोळीसारखा येतो, काच फोडून आत. लोक मेलेत असे. बॉलला पट्टा अडकवून ओढणारे पण याच कारणाने मेलेत, ते तर कुठल्याच बंपरवर करू नका.

फिटिंगमध्ये पण कमाल. तुमच्याच मॉडेलचं आहे, डायरेक्ट बसतं, असं सांगितलेलं ब्रॅकेट चासीच्या भोकांवर बसलंच नाही, मग पोराने गॅस कटरने ब्रॅकेटची भोकं लांबट केली आणि वर मोठे वॉशर टाकून झाकली. बोल्टच्या डोक्यावर काहीच छापलेलं नाही. ८.८ असायला पाहिजे, त्यात पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद ८०० मेगापास्कल आणि पुढच्या .८ चा अर्थ त्याच्या ८० टक्क्यांवर म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणायला लागतो. कोऱ्या डोक्याच्या बोल्टला काय ताकद आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. नटवर पण ८ बघा, बोल्ट चांगला आणि नट भंगार असंही चालतं. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना अर्थातच कुणी हातात घेतला नाही. हौदा आणि बंपरमध्ये एका बाजूला फट अजिबात नव्हती, हौदा आणि चासी खड्ड्यात वेगवेगळं हलतात त्यामुळे घासून तिथला रंग गेलाय. विचारलं तर म्हणे चालवून सेट होईल.

अजून एक चोरी, जी मला सगळ्यात उशिरा लक्षात आली. माझं जुनं बंपर. ब्रॅकेट, पायरीचं रबर, नंबर प्लेटचे दोन्ही दिवे, सेन्सरचे मूळ होल्डर, सगळं त्यातच होतं. मागितलं तर भंगारात गेलं म्हणे. कंपनीचं धड बंपर कोण भंगारात टाकतो हो, ते विकलं जातं. होल्डर तिकडे गेले म्हणून तर सेन्सर वेडेवाकडे बसले होते.

भांडायला गेलो तर त्यांनी शांतपणे बिल पुढे केलं. रिअर बंपर, १ नग. पाच एमएम कुठे लिहिलंय साहेब? खरंच कुठे नव्हतं. जाडीचं बोलणं सगळं फोनवर, चॅटवर जे दोन मेसेज होते ते त्यांनी डिलीट करून टाकलेले. शिवाय बाहेरच्या माणसाने सेन्सर काढला म्हणून वॉरंटी संपली. शेवटी बराच आरडाओरडा झाल्यावर फिटिंगचे पैसे परत दिले आणि वर पुढच्या खरेदीला डिस्काउंट देतो म्हणाले, याला काय म्हणावं. बाकी पैशाची तक्रार चालू आहे, त्यात कामाला येतायत ते भोकातल्या व्हर्नियरचे फोटो आणि काट्याची पावती.

म्हणून बिलावर पत्र्याची जाडी, बोल्टचा ग्रेड, ओढायची क्षमता आणि ती कुठल्या टेस्टवर, हे चारही लिहून घ्या, लिहायला नको म्हणाला तर उठून या. जुनं बंपर सुटलं की लगेच, नवीन लागायच्या आधी, हौद्यात टाकायला सांगा.

आणि ज्यांच्या गाडीला असलं बंपर आधीच लागलंय त्यांनी गाडीखाली जाऊन तीन गोष्टी बघा. रिसीव्हरचा पाइप आडव्या दांड्याला जोडलाय का, बोल्टच्या डोक्यावर आकडा आहे का, आणि ब्रॅकेटच्या भोकाशी रंग तडकून चकचकीत लोखंड दिसतंय का. तसं दिसलं तर बोल्ट तिथे सरकतोय. पाइप पत्र्यालाच चिकटवलेला असेल तर ट्रेलर लावू नका, रिकामा पण नाही, आणि दुरुस्तीला त्याच दुकानात परत जाऊ नका. माझा रिसीव्हर मी कापून टाकलाय, तिथे आता नुसतं चौकोनी भोक आहे, आणि दुसरा फॅब्रिकेटर चासीला जाणारा दांडा वेगळा बनवतोय, त्याच्याकडून जाडी आधीच कागदावर घेतलीये.