विकिपीडियावरचा सुमो: माझ्याकडून ११-४

आधी स्कोअर सांगते. सुमोत वरच्या गटातला पैलवान १५ दिवस रोज एक अशा १५ कुस्त्या खेळतो, ८ जिंकला की साधारण वर चढतो, ८ हरला की खाली घसरतो. त्या हिशेबाने इंग्रजी विकिपीडियावरच्या सुमोच्या पानांना मी ११-४ देतेय, म्हणजे चांगली घसघशीत बढती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा कसला रिव्ह्यू लिहितेस असं नवरा म्हणाला, मी म्हटलं बडोद्यात सेवउसळीच्या प्रत्येक लारीवर निबंध लिहिणारे ढिगाने आहेत, आणि ही बिचारी माणसं फुकट राबतायत त्यांच्याबद्दल कोणी दोन ओळी नाही लिहायच्या?

झालं असं की बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते आमच्याकडे दांडिया बाजारात राहायला आले. बाबा म्हणजे तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात अंगाला माती लावलेला माणूस, त्यामुळे सिरियल नको, बातम्या नकोत, क्रिकेट तर मुळीच नको. चॅनल फिरवता फिरवता एक दिवस एनएचके वर्ल्डवर सुमो लागलं आणि बाबा रिमोट सोडेनात. पण तक्रारी चालूच. "अगं चार मिनिटं नुसतं मीठ उडवतायत आणि कुस्ती दहा सेकंदांत संपली? आणि चीत कुठे केला त्याने?" आता मला काय माहीत, मी फोन काढला. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग टेकला किंवा ४.५५ मीटरच्या रिंगणाबाहेर पाऊल पडलं की खलास, पाठ लावायची गरजच नाही. मग पुढचा प्रश्न, माती कसली? तर रिंगण प्रत्येक स्पर्धेआधी नव्याने बांधतात, हाताने, माती ठोकून ठोकून, आणि ते बांधणारे लोक तेच जे पैलवानांची नावं पुकारतात. हे ऐकल्यावर बाबा खूश, कारण आखाड्याची माती स्वतः खणल्याशिवाय कुस्ती येत नाही असं त्यांचं मत आहे, मग त्यात ताक, तेल, हळद किती घालायचं यावर अर्धा तास गेला, आमटी गार झाली.

तेव्हापासून जानेवारी, मार्च, मे, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर या स्पर्धांच्या ६ महिन्यांत आमच्याकडे जेवणं लवकर होतात, कारण जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे, आपल्याकडे अडीच वाजायच्या सुमाराला दिवसाची शेवटची कुस्ती संपलेली असते. आणि मी विकिपीडियात अडकले ती अडकलेच.

सगळ्यात भारी काय असेल तर ते टेबल. प्रत्येक मोठ्या पैलवानाच्या पानावर खाली एक लांबच लांब तक्ता असतो, वर्षाच्या ६ स्पर्धा आडव्या, वर्षं उभी, प्रत्येक चौकोनात त्या वेळची रँक आणि किती जिंकला, किती हरला, किती गैरहजर. दिसायला बँकेचं पासबुक, पण तेरुनोफुजीचा तक्ता एकदा वरून खाली वाचा. २०१५ ला ओझेकी, म्हणजे सर्वोच्च पदाच्या एकच पायरी खाली, मग गुडघे गेले, मधुमेह निघाला, आणि चौकोनामागून चौकोन नुसत्या गैरहजेऱ्या, घसरत घसरत २०१९ मध्ये शेवटून दुसऱ्या गटात, जिथे १५ नाही ७च कुस्त्या असतात आणि पगार नसतो. कुठलाही माणूस घरी गेला असता. हा परत एकेक चौकोन चढत जुलै २०२० ला वरच्या गटात आला आणि आल्या आल्या स्पर्धाच जिंकला, वर्षभराने योकोझुना, म्हणजे तेच सर्वोच्च पद. यात कोणी एक विशेषण लिहिलेलं नाही हं, नुसते आकडे. मी बाबांना वाचून दाखवत होते आणि ते आपला गुडघा चोळत गप्प बसले होते, दुसऱ्या दिवशी फिजिओवाल्याशी भांडले नाहीत.

हे सगळं भरतं कोण, तर कुठकुठल्या देशातली मंडळी, बहुतेक एकमेकांना कधी न भेटलेली. सुमो प्रोजेक्ट असं त्यांचं एक टोळकं आहे विकिपीडियावर, कुठलं पान किती कच्चं याची प्रतवारी करतात, कामं वाटून घेतात. स्पर्धा संपली की निकाल भरा, पुढच्या स्पर्धेच्या आधी बान्झुके म्हणजे रँकिंगची यादी आली की सगळ्यांच्या रँका बदला, निवृत्त झालेल्याला चालूच्या यादीतून काढून जुन्या यादीत घाला. वरचे दोन पगारी गट धरले तरी ७० माणसं, वर्षातून ६ वेळा. मला सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल शीट जमत नाही.

त्यात या लोकांची नावं बदलतात. कोतोनोवाका नावाचा पैलवान होता, त्याचा मुलगाही पैलवान झाला आणि कोतोनोवाकाच झाला, मग २०२४ मध्ये ओझेकी झाल्यावर मुलाने आईच्या वडिलांचं नाव घेतलं, कोतोझाकुरा, आणि आजोबा होते ५३वे योकोझुना. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसंच, फक्त इथे नातवाने ते कमवायला लागतं. आता जुन्या प्रत्येक पानावर कोतोनोवाका लिहिलंय ते बाप की मुलगा हे कोणीतरी बसून बघितलेलं असतं, लिंक योग्य माणसाकडे जाते. मी मुद्दाम चार-पाच ठिकाणी दाबून बघितलं, एकदाही बाप भलत्या जागी निघाला नाही.

अजून एक आवडलेलं. चाहत्यांनी लिहिलेलं असूनही आरती नाही. २००७ मध्ये तालमीत मारहाण होऊन १७ वर्षांचा मुलगा मेला तेही आहे, फिक्सिंगमुळे मार्च २०११ ची ओसाकाची स्पर्धाच रद्द झाली तेही आहे. आणि २०१८ चा मायझुरूचा प्रकार, रिंगणात मेयर कोसळले, बायका धावल्या, मदत करायला लागल्या तर त्यांनाच माइकवरून रिंगणाबाहेर जायला सांगितलं, कारण बाईने त्या मातीवर पाय ठेवायचा नाही. ते वाचून दोन दिवस मी टीव्ही लावला नाही. बाबांनी स्वतः लावायचा प्रयत्न केला, रिमोट माझ्याकडे होता.

आता ४ हार कशाच्या. एक म्हणजे पुष्कळ पैलवानांची पानं वाचताना माणूस दिसतच नाही, अमुक स्पर्धेत ९-६, तमुक स्पर्धेत खांदा दुखावला, परत ८-७, अरे पण तो हसतो कधी, रडतो कधी? दुसरं, जपानी शब्दांचा मारा, एका वाक्यात चार, दरवेळी शब्दकोशाच्या पानावर पळा. तिसरं, ज्या तक्त्याचं एवढं कौतुक केलं तोच फोनवर वाचायचा तर फोन आडवा धरून बोटाने ढकलत बसावं लागतं.

आणि चौथी हार खरं तर आपली आहे. इंग्रजीत पैलवान राहतात त्या जागेला 'स्टेबल' म्हणतात, म्हणजे तबेला! बाबा म्हणाले, "घोडे आहेत का ते?" आपल्याकडे सगळे शब्द तयार आहेत ना. राहायची, सरावाची जागा ती तालीम, शिकवणारा वस्ताद, त्यांचे ८२ अधिकृत किमारिते म्हणजे ८२ डाव. या विषयासाठी मराठीइतकी मुरलेली भाषा मिळणार नाही आणि मराठी विकिपीडियावर इंग्रजीच्या पासंगालाही पुरेल एवढं सुमो नाही, गुगलवर मराठीत सुमो टाकलं तर गाडीच दिसते. (गाडीचं नावही पैलवानावरून नाही, सुमंत मुळगावकरांवरून आहे, सु आणि मो.)

मीही हात मारून बघितला. बाबा म्हणाले अमुक डाव म्हणजे आपली ढाकच की, मी लगेच इंग्रजी पानावर एक वाक्य घातलं. संध्याकाळपर्यंत उडालं. कोणीतरी अतिशय सभ्यपणे विचारलं होतं, याला आधार काय? आता आधार काय सांगू, बाबा! चूक माझीच, नियम स्पष्ट आहे, छापील किंवा भरवशाचा पुरावा पाहिजे, घरातला माणूस चालत नाही. राग आला नाही असं नाही, पण मग कमाटीबागेतल्या म्युझियमचा तो धोंडा आठवला, १९०२ मध्ये गामाने उचलला म्हणतात तो, १२०० किलोचा म्हणे. लहानपणापासून बघतेय, कधी मनात आलं नाही की वजन कोणी केलं, किती वर उचलला, कोणी लिहून ठेवलं. सुमोवाल्यांकडे प्रत्येक कुस्तीचा निकाल आणि डाव छापील असतो म्हणून जगभरचे लोक बसून पानं भरू शकतात. आपल्या बडोद्याच्या दंगली बाबांसारख्यांच्या तोंडात राहिल्या.

हे मी बाबांना ऐकवलं तर ते भडकले. "काय बोलतेस, अख्खा व्यायाम ज्ञानकोश आपल्या बडोद्यात निघालाय!" खरंच निघालाय, मुजुमदारांनी संपादन केलेला, मराठीत, १० खंड, १९५० मध्ये त्याचा इंग्रजी अवतारही इथूनच छापला. म्हणजे विकिपीडियाच्या कितीतरी आधी या गावात कोणीतरी डाव, पकडी, जोर, बैठका सगळं गोळा करून छापून ठेवलंय आणि मी आधार नाही म्हणून तोंड पाडून बसले होते.

तर शनिवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन कुस्तीचा खंड मिळतो का बघणार आहे. बाबा येतो म्हणतायत, जिना चढता येईल का विचारलं तर म्हणाले तेरुनोफुजी चढला ना.