पेंटाहोवरून अपाचे हॉप: ईआरपी बदलताना जॉब हलवले, त्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं आयटी मी बघतो. मासळी फ्रीझ करणं आणि आंब्याचा पल्प, असा दुहेरी धंदा. ईआरपी, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंद ठेवणारी सिस्टीम, सॅप कंपनीचं जुनं ईसीसी, आणि त्यातला स्टॉक, पावत्या, वजनकाट्याच्या नोंदी रोज रात्री उचलून रिपोर्टच्या डेटाबेसात टाकणारे जॉब पेंटाहोच्या केटल या डेटा हलवायच्या टूलमध्ये. ईसीसीचा मुख्य सपोर्ट 2027 अखेर संपतोय, म्हणून मालकांनी सॅपच्या नव्या एस/4 हानाला होकार दिला. जॉबना हात लावावाच लागणार होता, तर मग केटलमधूनच फुटून निघालेलं, त्याच कामाचं अपाचे हॉप घेतलं. आता मासळीचा हंगाम चांगला रुळलाय, म्हणून लिहितो.

मुहूर्त आपोआपच ठरला. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी, मिरकरवाडा बंदरात शांतता, कॅनिंगचा आंबाही पहिल्या पावसाबरोबर आटपतो. पण याच दिवसांत झाडं पडतात, तारा तुटतात, नेट जातं. त्यामुळे प्रत्येक जॉब ‘अमुक तारखेपासून पुन्हा चालव’ असं सांगता येईल असा करून घेतला. हे टूल कुठलंही असो, कोकणात आधी हेच करा.

हॉपचं इम्पोर्ट चांगलं आहे. केटीआर फाइलींच्या (डेटावरच्या पायऱ्या) पाइपलाइन होतात, केजेबीचे (त्या क्रमाने चालवणारे) वर्कफ्लो, आणि डेटाबेस कनेक्शन मेटाडेटात, म्हणजे सेटिंगच्या फाइलींत, जाऊन बसतात. केटलची रिपॉझिटरी, म्हणजे जॉब साठवायचं सामाईक कोठार, इथे नाहीच. सगळं साध्या फाइलींत, त्यामुळे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये टाकलं की कोणी काय बदललं ते दिसतं. टेस्ट आणि प्रॉडक्शनसाठी वेगळी एन्व्हायर्नमेंट ठेवता येतात, ही सोय तर मला फार आवडली. मात्र क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी कामं सुरू करणारं वेळापत्रक) किचन आणि पॅन या केटलच्या कमांडच्या ओळी हाताने बदलून हॉप-रन कराव्या लागतात, आणि बाहेरून आणून बसवलेली जुनी प्लगइन्स सोबत येतीलच असं नाही. ती यादी इम्पोर्टच्या आधी काढा.

पण खरं काम फाइली बदलण्यात नव्हतंच. आमचा स्टॉकचा जॉब वर्षानुवर्षं डेटाबेसातून थेट मालाच्या हालचालीचं एमसेग टेबल वाचत आलेला. नव्या सिस्टीममध्ये मालाची हालचाल मॅटडॉक या टेबलात लिहिली जाते. एमसेग नावाचं टेबल मात्र जागेवरच असतं! सॅपच्या आतून, म्हणजे त्याच्या अबॅप भाषेतून एमसेग वाचलं, तर सिस्टीम गुपचूप मॅटडॉकवरच्या व्ह्यूकडे (टेबलासारखी वाचता येणारी तयार क्वेरी) वळवते आणि बरोबर उत्तर देते. बाहेरून थेट एसक्यूएलने वाचलं, तर ही वळवावळवी होत नाही. नवी नोंद दिसतच नाही. चाचणीच्या सर्व्हरवर कोल्ड स्टोरेजच्या कारकुनाने बांगड्याच्या ब्लॉकची आवक टाकली. रात्री जॉब हिरवा, एरर एकही नाही. सकाळी रिपोर्ट बघून तो म्हणाला, “साहेब, माल आत आलाय, पण तुमच्या कागदावर अजून जेटीवरच आहे.” तो जॉब आता सॅपच्या सीडीएस व्ह्यूवरून ओडेटाने, म्हणजे वेबवरून डेटा मागायच्या पद्धतीने, वाचतो. थोडा हळू चालतो, पण रात्रीच्या कामाला तेवढं पुरतं.

तेव्हापासून ‘जॉब यशस्वी’ या शब्दांवर मी विसंबत नाही. जुनी आणि नवी सिस्टीम शेजारी ठेवून हॉपच्या ‘मर्ज रोज’ (Merge Rows) या पायरीने ओळ न् ओळ ताडून पाहिली. प्रत्येक ओळीवर सारखी, बदललेली, नवी की गायब, असा शिक्का पडतो. यात एक खाच आहे: दोन्ही बाजू एकाच क्रमाने लावलेल्या हव्यात. दोन डेटाबेसांचा ऑर्डर बाय (ओळी क्रमाने लावायची आज्ञा) अक्षरांचा क्रम वेगवेगळा लावू शकतो, मग एकच ओळ एकदा ‘गायब’ आणि एकदा ‘नवी’ दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. दोन्ही बाजूंना हॉपचाच ‘सॉर्ट रोज’ (Sort Rows) लावा.

मटेरियल नंबरचीही गंमत आहे. त्याची लांबी 18 वरून 40 झाली, म्हणून सल्लागार सगळीकडे पॅडिंग करा, म्हणजे पुढे शून्यं भरून कोड 40 अंकी करा, म्हणत होते. पण निव्वळ आकडी कोड अजून 18 वरच शून्यं भरून साठवले जातात. 40 केलं असतं तर एकही कोड जुळला नसता. रिपोर्टच्या टेबलात कॉलम तेवढा रुंद केला, पॅडिंगला हात लावला नाही.

तक्रारी सांगायच्या तर हॉपचा स्क्रीन केटलच्या स्पून या स्क्रीनची सवय असलेल्याला सुरुवातीला चुकवतो, कागदपत्रं काही ठिकाणी तुटक आहेत, आणि मराठीत विचारावं असं कोणी भेटत नाही. नव्या मुलाला मात्र हॉप स्पूनपेक्षा लवकर कळतं, हे आमच्या इथे दिसलं. पाइपलाइनला युनिट टेस्ट जोडता येतात, ठरवून ठेवलेल्या नमुना डेटाशी निकाल ताडता येतो. पेटी-डझन-किलोचं रूपांतर मी त्यातच बांधून ठेवलंय, कारण पेटी चार डझनांची की सहाची, यावर दर एप्रिलमध्ये वाद होतो.

वजनकाट्याचा जॉब अजून केटलवरच चालू आहे. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं प्लगइन हॉपसाठी मिळालं नाही, आणि ऐन हंगामात काट्याजवळ ट्रक अडवून ठेवायची माझी तयारी नाही. तो पुढच्या बंदीत.