युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज, अल्बर्टा : घरांना पैकीच्या पैकी, चर्चना थोडे कमी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील एडमंटनहून यलोहेड महामार्गाने पूर्वेकडे सुमारे ५० किलोमीटर गेल्यावर, एल्क आयलंड राष्ट्रीय उद्यान ओलांडताच हे खुले संग्रहालय लागते. १९७१ मध्ये ते सुरू झाले आणि १९७५ मध्ये अल्बर्टा सरकारने ते ताब्यात घेतले. पूर्व-मध्य अल्बर्टाच्या गव्हाळ पठारावर विखुरलेली घरे, चर्च, शाळा आणि दुकाने त्यांच्या मूळ जागेवरून उचलून येथे आणली आहेत व १८९२ ते १९३० या काळातील युक्रेनियन वसाहतकारांचे जीवन त्यांतून उभे केले आहे. अल्बर्टात राहणाऱ्या किंवा मुलांकडे उन्हाळ्यापुरते येणाऱ्या मराठी मंडळींची सहल बहुधा बान्फच्या डोंगरांकडेच वळते. त्यातला एक दिवस काढून येथे यावे असे मी सुचवेन, मात्र काही गोष्टी आधी ठाऊक असलेल्या बऱ्या.

कॅनडाच्या १८७२ च्या जमीन कायद्यानुसार १० डॉलर नोंदणी शुल्क भरून १६० एकर जमीन मिळे, पण तीन वर्षे तेथे राहणे, घर बांधणे आणि ठरावीक जमीन लागवडीखाली आणणे ही अट होती. आजच्या पश्चिम युक्रेनमधील गालिसिया प्रांतातल्या नेबिलिव्ह गावचे इव्हान पिलिपिव्ह आणि वासिल एलेनियाक हे दोघे १८९१ मध्ये पाहणीसाठी आले आणि पुढे त्यांच्या मागोमाग हजारो कुटुंबे आली. पिलिपिव्ह यांचे घर आज याच संग्रहालयात उभे आहे. मला मात्र अधिक वेळ थांबवून ठेवले ते त्याहून साध्या ‘बुर्देय’ने. जमिनीत खड्डा खणून, वर ओंडके व गवताची ढेपे रचून केलेला हा आसरा इतका बुटका आहे की उंच माणसाला आत वाकावेच लागते. उणे ३० अंशांपर्यंत उतरणारा तिथला हिवाळा अशा जागेत कुटुंबांनी काढला, हे फलकावर वाचणे वेगळे आणि आत दोन मिनिटे बसून पाहणे वेगळे.

पुढच्या टप्प्यातील घरे दोन खोल्यांची, दक्षिणेकडे तोंड केलेली आहेत. ओंडक्यांच्या भिंतींवर माती, पेंढा आणि शेण यांचा गिलावा करून वर चुना दिलेला आहे. कोकणातले किंवा देशावरचे जुने घर पाहिलेल्या माणसाला हे काम कसे केले असेल ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. एका खोलीत मातीची मोठी भट्टी, तिच्यावरच स्वयंपाक आणि तिच्याच उबेला झोप; दुसरी खोली पाहुण्यांसाठी आणि पूर्वेच्या भिंतीवरील देवचित्रांसाठी राखलेली. या घरांत त्या काळचे कपडे घातलेले कलावंत त्या कुटुंबातील माणसे म्हणूनच वावरतात, आणि आपली भूमिका इतक्या निष्ठेने निभावतात की त्यांच्या ठरलेल्या वर्षानंतरच्या कोणत्याही घटनेविषयी विचारले तर ते कोऱ्या चेहऱ्याने पाहतात. मुलांना हा खेळ फार आवडतो. ज्यांना थेट माहिती हवी असते त्यांची मात्र थोडी पंचाईत होते. अशांनी पीक, दावणीची जनावरे किंवा उधारी यांविषयी विचारावे, उत्तरे भरभरून मिळतात.

तीन चर्च हा या जागेचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि माझी मुख्य तक्रारही तिथेच आहे. एक ग्रीक कॅथलिक (म्हणजे पूर्वेकडचे विधी पाळून रोमच्या पोपला मानणारे), एक रशियन धर्मपीठाशी जोडलेले ऑर्थोडॉक्स आणि एक १९१८ मध्ये स्थापन झालेल्या कॅनडातील युक्रेनियन ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचे. बाहेरून तिन्हींना घुमट, आत वेदीपुढे चित्रांची भिंत. नवख्याला फरक पटकन कळत नाही. पण याच फरकावरून गावे दुभंगली होती. जवळच्या स्टार नावाच्या वस्तीतील चर्च कोणाचे, कॅथलिकांचे की ऑर्थोडॉक्सांचे, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला (आपल्याकडची अपिलेही तेव्हा तिथेच जात) आणि १९०७ मध्ये निकाल ऑर्थोडॉक्स बाजूने लागला. वर्गणीतून आणि श्रमदानातून उभ्या केलेल्या लाकडी इमारतीसाठी शेतकरी इतके लढले, याची धग या नीटनेटक्या मांडणीत जाणवत नाही. शिवाय चर्च उचलून आणता येते, त्याभोवतीचे दफनस्थान येत नाही. आणि त्या थडग्यांवरची नावे, तान्ह्या मुलांच्या लहान क्रूसांच्या ओळी यांवाचून चर्चचा अर्धा इतिहास मागेच राहतो. म्हणून संग्रहालय पाहून झाल्यावर आडरस्त्याने जाऊन शेतांमध्ये मूळ जागीच उभे असलेले एखादे चर्च अवश्य पाहावे. बहुतेकांना कुलूप असते, कारण तेथे प्रार्थना वर्षातून मोजक्याच वेळा होते. तरी बाहेरून फिरून पाहण्यासारखे बरेच असते.

शाळा एकाच खोलीची आहे: मध्ये शेगडी, सर्व इयत्ता एकत्र आणि शिक्षण इंग्रजीतून. १९१३ मध्ये अल्बर्टा सरकारने युक्रेनियन शिक्षकांना शाळांतून काढले, तेव्हा पालकांनी काही ठिकाणी कडवा विरोध केला. हा प्रसंग ठाऊक असेल तर त्या बाकांवर बसण्याला वेगळा अर्थ येतो. रेल्वेफाट्याजवळचे लाकडी धान्य-एलेव्हेटर यंत्रांची आवड असणाऱ्यांनी चुकवू नये: गाडीतले धान्य खड्ड्यात ओतायचे, वाट्यांच्या पट्ट्याने ते वर चढवायचे आणि मग स्वतःच्याच वजनाने कोठ्यांत व रेल्वेच्या डब्यात उतरू द्यायचे, अशी ती सोपी युक्ती आहे. एक उणीव नोंदवतो: कथा १८९२ पासून सुरू होत असल्याने, ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या १८७६ च्या सहाव्या करारापूर्वीपासून या भूमीवर असलेले मूळनिवासी क्री लोक तिच्या चौकटीबाहेर राहतात.

संग्रहालय मे महिन्यातील लांब सुट्टीपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंतच उघडे असते. अंतरे पायी चालायची आहेत, सावली बेताची आहे आणि डास भरपूर आहेत. टोपी, पाणी आणि डासांचे मलम जवळ ठेवावे. खाण्यासाठी बटाट्याचे सारण भरलेले पिरोही आणि कोबीच्या पानात भात गुंडाळलेले होलुब्त्सी मिळतात. शाकाहारी मंडळींनी वर डुकराच्या मांसाचे तुकडे घातले आहेत का, हे मागणी देण्यापूर्वीच विचारावे. घाईघाईने दोन तासांत आटोपायचे असेल तर दुकाने आणि पोस्ट वगळा. बुर्देय, पिलिपिव्ह यांचे घर आणि ग्रीक कॅथलिक चर्च एवढे तरी सावकाश पाहा.