मालम जब्बा की नलतर?

पाकिस्तानच्या उत्तरेत स्कीइंग करायचं तर दोन नावं पुढे येतात. स्वात खोऱ्यातलं मालम जब्बा सोयीचं: चेअरलिफ्ट आहे, हॉटेल आहे, नवशिक्याला तेच बरं. 2008 च्या सुमारास दहशतवाद्यांनी तिथलं हॉटेल आणि लिफ्ट उद्ध्वस्त केली. तरी ते पुन्हा उभं राहिलं, याचं मोल मोठं.

पण माझा जीव गिलगिटजवळच्या नलतरमध्येच अडकतो. रस्ता खडतर, उतार हवाई दलाच्या ताब्यात, भोवती पाइनचं जंगल. गावातली पोरं लाकडाच्या फळ्या तासून स्की बनवतात, त्यावर बूट ठोकतात आणि सुटतात! 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला मुहम्मद अब्बास, पाकिस्तानचा पहिला हिवाळी ऑलिंपियन, याच नलतरचा. त्याच्यामागून मुहम्मद करीमही इथूनच गेला.