कोचीन कार्निव्हल: बघायला फुकट, परतीला महाग

केरळमधल्या कोची शहराच्या फोर्ट कोची भागातल्या वर्षअखेरच्या कार्निव्हलला तिकीट नाही, पास नाही. किंमत वसूल होते परतताना.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मैदानावर ‘पप्पांजी’चा पुतळा जाळतात, म्हणजे सरत्या वर्षाचा सुटाबुटातला दाढीवाला म्हातारा. पुतळा चांगला उंच असतो, मागूनही स्वच्छ दिसतो, त्यामुळे पुढे घुसण्यात काही अर्थ नाही. खरी अडचण बारानंतर: सगळी गर्दी एकदमच अरुंद गल्ल्यांकडे वळते आणि चेंगराचेंगरीची भीती तिथेच असते. म्हणून मैदानाच्या कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ उभं राहा किंवा अर्धा-पाऊण तास जागचे हलूच नका. गाडी एर्नाकुलमलाच, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागातच, ठेवा. त्या रात्री वाहनांना आत सोडत नाहीत. दुपारीच बस नाहीतर बोटीने पोहोचा. परतीच्या बोटीवर मात्र विसंबू नका, चालत जाता येईल अशी खोली आधीच धरा. हवा दमट, सुती कपडेच बरे.

लहान मुलं बरोबर असतील तर मध्यरात्र सरळ सोडा. १ जानेवारीची मिरवणूक, तिच्यातली सोंगं आणि चेंडा या केरळी ढोलाचं वादन, आमच्या मते जास्त रंगतदार. ‘वेळी’ नावाच्या मैदानावरचा दिव्यांनी मढवलेला प्रचंड वृक्ष आदल्या एखाद्या संध्याकाळी निवांत बघून घ्या.