मेनोपॉजची क्रीम, टिकटिक डबी आणि कंपाउंडिंग फार्मसी: माझा अनुभव (५ पैकी २ स्टार)

दुकानाचं नाव लिहिणार नाहीये हे आधीच सांगते, विचारू नका. न्यू जर्सीत राहते, वय ५२, पाळी जाऊन दीड वर्ष झालं आणि त्या दीड वर्षात एक रात्र सलग झोपले असेन तर शपथ. अंगातून अशा वाफा यायच्या की भर डिसेंबरात मी खिडकी उघडी टाकायचे आणि नवरा बिचारा दोन दुलया घेऊन कुडकुडत. आईला फोनवर विचारलं तर म्हणे आमच्या वेळी असलं काही नव्हतं. होतं गं आई, बोलायची सोय नव्हती.

तर मंडळाच्या गणपतीत एका मैत्रिणीने एक वेलनेस क्लिनिक सुचवलं. तिथे काकडीचं पाणी, ऑर्किडची कुंडी, सगळं गोड गोड. सकाळी ब्रश न करता एका नळीत थुंकायचं आणि ती नळी कुरियर करायची, त्यावरून तुमचे हॉर्मोन्स कळतात म्हणे, त्याचे ३५० डॉलर. रिपोर्ट काय सुंदर, रंगीत आलेख वगैरे. (नंतर माझ्या गायनॅकने तो रिपोर्ट बघून बाजूला ठेवला, थुंकीतले आकडे तासातासाला बदलतात, त्यावरून डोस ठरवत नाहीत, त्रास किती कमी झाला ते बघून ठरवतात म्हणाली.) क्लिनिकवाल्या बाईंनी "बायोआयडेंटिकल" (म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनसारखंच हुबेहूब) हा शब्द पंधरा मिनिटांत वीसेक वेळा वापरला असेल. नैसर्गिक, कंदापासून काढलेलं, फक्त तुमच्यासाठी बनवलेलं. मी भुलले, का नाही भुलणार, तीन वाजता गाऊन बदलणाऱ्या बाईला कोणी फक्त तुमच्यासाठी म्हटलं तर ती काहीही घेईल.

आता फार्मसी, म्हणजे क्लिनिकच्या प्रिस्क्रिप्शनवरून औषध स्वतः बनवून देणारी कंपाउंडिंग फार्मसी. सर्व्हिस एक नंबर, हे मान्य करायलाच हवं. चार दिवसांत घरपोच, फोन केला की माणूस उचलतो. क्रीम येते ती एका जाड पेनासारख्या डबीत, खालचं चाक फिरवलं की टिक वाजतं आणि वरच्या भोकातून वाटाण्याएवढी पांढरी क्रीम बाहेर येते, रोज दोन टिक, मनगटाच्या आतून चोळायची. आत बायस्ट ८०:२०, म्हणजे इस्ट्रोजेन या बायकी हॉर्मोनचे दोन प्रकार, ८० टक्के इस्ट्रिऑल, २० टक्के इस्ट्रॅडिऑल, वर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन. महिन्याला ९० डॉलर, इन्शुरन्सने एक पैसा दिला नाही.

पण डबीबरोबर कागद नाही! साध्या डोकेदुखीच्या गोळीत सुद्धा पंचा एवढी घडी निघते, इथे फक्त लेबल, माझं नाव आणि वापरायची शेवटची तारीख. मला एकदम सांगलीचा दवाखाना आठवला, तिथला कंपाउंडर लाल मिक्श्चर द्यायचा आणि बाटलीवर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. इथेही शब्द तोच, कंपाउंडिंग, आणि काम पण तेच, फक्त पट्टी गेली आणि टिक आलं.

मग खोदकाम सुरू केलं. मला वाटायचं अमेरिकेत दुकानातलं प्रत्येक औषध एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, तपासलेलं असतं. नाही हो. पेशंटच्या नावाने प्रिस्क्रिप्शनवर औषध बनवून देणारी फार्मसी कायद्याच्या ५०३ए कलमात येते, तिच्यावर देखरेख मुख्यतः राज्याच्या फार्मसी बोर्डाची, आणि तिने बनवलेल्या औषधाला एफडीएची मंजुरी लागत नाही. कारखान्याचे कडक नियम लागत नाहीत, कोणाला त्रास झाला तर एफडीएला कळवायची सक्तीही नाही. दुसरी जात ५०३बी, मोठ्या प्रमाणावर बनवणारे, ते एफडीएकडे नोंद करतात, त्यांना कारखान्याचे नियम आणि तपासणी दोन्ही. ही दुसरी जात आली २०१३ च्या कायद्याने, आणि तो कायदा आला कारण २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅमच्या एका कंपाउंडिंग फार्मसीची पाठीत द्यायची स्टिरॉइड इंजेक्शनं बुरशी लागलेली निघाली, २० राज्यांत ७५० च्या वर लोक आजारी, ६० हून जास्त गेले. लायसन्स गल्लीतल्या फार्मसीचं, धंदा देशभर घाऊक. माझी क्रीम म्हणजे इंजेक्शन नाही, मान्य, पण वाचून पोटात गोळा आला.

आणि इस्ट्रिऑल? ते असलेलं एकही औषध एफडीएने मंजूर केलेलं नाही. ८० टक्के तेच चोळत होते मी.

सातव्या महिन्यात स्पॉटिंग सुरू झालं. पाळी गेल्यावर लाल दिसलं की बायांनो गप्प बसायचं नाही, त्याच आठवड्यात गायनॅक. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड, मग बायोप्सी, रिपोर्ट यायला सहा दिवस. ते सहा दिवस कसे गेले ते लिहीत नाही. रिपोर्ट चांगला आला. ती म्हणाली, इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवरतं, पण कातडीवर चोळलेलं प्रोजेस्टेरॉन तेवढं काम करेल याचा भरवसा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने हॉर्मोन्सवरचे बरेच मोठे इशारे काढायचं जाहीर केलं ना, त्यातही एकट्या इस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा ठेवलाय. माझ्या डबीवर तो कधी नव्हताच.

खरी चीड पुढे आहे. तिने जे लिहून दिलं, इस्ट्रॅडिऑलचा पॅच आठवड्यातून दोनदा आणि रात्री मायक्रोनाइज्ड (अगदी बारीक केलेल्या) प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल, ते पण बायोआयडेंटिकलच आहे! शरीरातल्यासारखाच रेणू, तोही वनस्पतीपासूनच, मंजुरी असलेलं, कोपऱ्यावरच्या साध्या फार्मसीत, माझा कोपे, म्हणजे इन्शुरन्स वजा जाता माझ्या खिशातून, १५ डॉलर. क्लिनिकमध्ये कोणी हे बोललं का? छे.

बोलला तो फार्मसिस्ट. क्रीम बंद करायला फोन केला तेव्हा शांतपणे म्हणाला, तुम्हाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? कारण त्या कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा शेंगदाण्याचं तेल असतं, तशी ॲलर्जी असेल तर आमच्याकडे दुसऱ्या तेलातली बनवून मिळते, नसेल तर तुम्ही नेहमीचीच घ्या. २०२० मध्ये नॅशनल अकॅडमीज या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या समितीनेही साधारण हेच सांगितलंय, ॲलर्जी असेल किंवा वेगळ्या रूपातलंच औषध लागत असेल तरच कंपाउंडिंग. मी म्हटलं मग आधी का नाही सांगितलं? म्हणाला, प्रिस्क्रिप्शन आलं होतं मॅडम. त्याचंही बरोबरच.

म्हणून दोन स्टार, दोन्ही त्या फार्मसिस्टचे. क्लिनिकला शून्य. उरलेली डबी परत घेत नाहीत, बाथरूमच्या कपाटात पडली आहे. रात्री झोप लागते आता, खिडकी बंद. काल क्लिनिकचा मेसेज आला, कमरेत कातडीखाली बसवायच्या पेलेट्सवर (हॉर्मोनच्या बारीक गोळ्या) २० टक्के ऑफ.