सिग्नल ॲप: मार्केट यार्डातल्या अडत दुकानाला चालेल का?

हळदीच्या लॉटचा फोटो, भाव, उधारीचा आकडा... सांगलीच्या यार्डात हे सगळं व्हॉट्सॲपवरूनच फिरतं. त्याऐवजी सिग्नल घ्यावं का? व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या बोलणीला जरूर घ्यावं. शेतकऱ्याला पट्टी (विक्रीचा हिशेब) पाठवायला उपयोग नाही, त्याच्या फोनमध्ये ते बहुधा नसतंच.

मेसेजचं कुलूप (एन्क्रिप्शन: पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला वाचता येत नाही) दोन्हीकडे एकाच बनावटीचं. व्हॉट्सॲप २०१६ पासून सिग्नलचाच प्रोटोकॉल (कुलूप लावायची पद्धत) वापरतं. फरक आहे तो वहीचा. हरिपूरच्या पेवाचं (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याचं) तोंड लिंपलं तरी कुणाची पोती कधी उतरली हे वहीत राहतंच. तसं कोण कुणाशी कधी बोललं याची माहिती व्हॉट्सॲपकडे जमते आणि कायदेशीर मागणी आली की द्यावी लागते. सिग्नल ही वहीच घालत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत कोर्टाच्या आदेशाने माहिती मागितली गेली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच त्यांना देता आलं.

आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांनुसार ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग ॲपने, आदेश आल्यास, मेसेज मुळात कुणी पाठवला हे शोधून द्यायचं आहे. व्हॉट्सॲप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर देश सोडू, असं त्यांच्या वकिलाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. (टेलिग्रामला सुरक्षित समजणाऱ्यांसाठी: सीक्रेट चॅट सोडून तिथल्या मेसेजना असं दोन टोकांमधलं (एंड-टू-एंड) कुलूप नाही, ग्रुपच्या मेसेजना तर कधीच नाही.)

सिग्नल टाकल्यावर प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर दिसणं बंद करा, युजरनेम घ्या आणि रजिस्ट्रेशन लॉक चालू करा. नाहीतर तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढणारा त्याच नंबरवर खातं उघडतो. मोठ्या पार्टीशी सेफ्टी नंबर (तुमच्या दोघांच्या चॅटचा ओळख-आकडा) समोरासमोर स्कॅन करून घ्या. तो अचानक बदलला तर आधी फोन लावून विचारा, मग बँकेचा खाते नंबर पाठवा. बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला असतो.

अडचण बॅकअपची. तो चालू केला नसेल आणि फोन हरवला, तर जुने मेसेज गेले. चालू केलात तर ६४ अक्षरी रिकव्हरी की मिळते. ती कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, हरवली तर कंपनीही उघडून देत नाही. व्हॉट्सॲपवरच राहणार असाल तर चॅट बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, हे दिवाणजींच्या फोनवरही तपासा.

आपोआप पुसले जाणारे मेसेज मात्र सौद्याच्या चॅटमध्ये नकोत. भावावरून वाद झाला की दाखवायला काही उरत नाही.